बाजेपासून ओट्यापर्यंत : घरोघरी फिजिओथेरपी करायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे : "बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) आणि इंटर्नशिप पूर्ण करून नाशिकला एका हॉस्पिटलात सव्वा वर्ष काम केलं. माहेर अमळनेर. आता परत येऊन अमळनेर-जळगाव भागात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करावी असं मनात आहे. चालेल का? फी किती घ्यावी, सामान काय लागतं, आणि लोक मालिशवाली समजतात त्याचं काय करायचं?"

चालेल. पण लगेच नको, आणि पूर्णवेळ तर मुळीच नको. मी सोळा वर्षं जळगाव आणि आसपासच्या गावांत हेच काम करते आहे. वयाने मोठी आहे, म्हणून 'तू' म्हणते.

लगेच नको, कारण हॉस्पिटलात पेशंटचा चेहरा वेगळा दिसला की तू सिस्टरला हाक मारतेस, सरांना फोन लावतेस. धरणगावच्या पुढे मळ्यातल्या घरात तू एकटी असतेस, आणि घाबरलेली पाच माणसं तुझ्याच तोंडाकडे बघत असतात. मला सांग, सव्वा वर्षात लकव्याचे किती पेशंट तू आयसीयूपासून चालायला लागेपर्यंत पाहिलेस? वॉर्डातला पेशंट पाचव्या-सातव्या दिवशी घरी जातो, आणि आपलं काम तिथून पुढे सुरू होतं. म्हणून अजून वर्षभर इकडेच एखाद्या हॉस्पिटलात 10 ते 2 धर आणि व्हिजिटा सकाळी लवकर किंवा सहानंतर ठेव. आपल्याकडच्या उन्हाळ्याला तेच वेळापत्रक मानवतं. महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी चालू असेलच. तिची प्रत बॅगेत ठेव. विचारणारा क्वचितच भेटतो, पण भेटतो तो नेमका पेशंटचा पुण्याचा भाचा असतो.

आता मुद्द्याचं. पेशंटच्या घरी तू पाऊण तास असतेस. उरलेले सव्वातेवीस तास तो घरच्यांच्या हातात असतो. तुझ्या पाऊण तासात तो काय करतो याला फार किंमत नाही. तू गेल्यावर त्याला कोण उठवतं, कसं उठवतं, कशावर झोपवतं, यावर सगळं ठरतं. कॉलेजात हे वाक्य मीही ऐकलं होतं, पेपरातही लिहिलं होतं. कळलं ते एरंडोल तालुक्यातल्या एका घरात, माझ्याच चुकीने.

साठीचे शेतकरी, उजव्या अंगावरून लकवा गेलेला. घरी मोठा मुलगा हुशार, सगळं वहीत लिहून घेणारा. मी त्यालाच शिकवलं : खांदा कसा सांभाळायचा, कुशीवर कसं वळवायचं, उठताना आधार कुठे द्यायचा. तो मान डोलवायचा, मीही खूश. तिसऱ्या आठवड्यात बाबांचा खांदा एवढा दुखायला लागला की हात लावू देईनात. चाचपला तर सांध्यात बोटभर फट. मग एके दिवशी न सांगता सकाळी सातला गेले. मुलगा केव्हाच शेतात, कापसाच्या लागवडीचे दिवस. आणि चाळीस-बेचाळीस किलोची सून सत्तर किलोच्या सासऱ्यांना संडासला न्यायला तोच लुळा हात धरून ओढून बसवत होती. दिवसातून सहा-सात वेळा. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी यायचे तेव्हा ती चहा करत असायची.

तेव्हापासून पहिल्या भेटीत पेशंटला हात लावायच्या आधी मी एकच विचारते : "रात्री दोनला बाबांना लघवीला लागली तर कोण उठतं?" जे नाव येईल ती माझी विद्यार्थिनी. विद्यार्थिनीच म्हणते, कारण दहात नऊ वेळा ती सूनच असते. तिला शिकवताना पुस्तकी भाषा नको. "हंडा उचलताना कसा अंगाजवळ घेतेस, कंबर वाकवत नाहीस, गुडघ्यातून उठतेस? तसंच धर." तिला हे आपल्यापेक्षा चांगलं येतं. पेशंटला सांगायचं : पाय मागे घ्या, पुढे वाका, नाक गुडघ्यांच्या पुढे जाऊ द्या, मग उठा. पकड कंबरेच्या पट्ट्याला. पट्टा नसेल तर तात्पुरतं उपरणं कमरेला घट्ट बांध. पण हात ओढायचा नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही. हे मी तिच्याकडून करवून घेते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करून दाखवायला लावते. नुसती "हो हो मॅडम" धरायची नाही.

यानंतर बाजेकडे बघ. आपल्याकडे आजारी माणूस म्हटला की त्याला बाजेवर टाकतात, हवेशीर असते म्हणून. सुतळीची असो की निवारीची, ती मधे झोळीसारखी खचलेली असते. त्यात माणूस दिवसभर कंबर-गुडघे दुमडून पडतो आणि महिन्याभरात ते तसेच आखडतात. शिवाय झोळीतून वर यायला धडधाकट माणसालाही हिसका मारावा लागतो. गुडघा बदललेल्या आजीबाईंचा गुडघा सरळ होत नाही म्हणून मी दहा दिवस झटत होते, आणि बाजेच्या खोलात वर गुडघ्याखाली प्रेमाने ठेवलेली उशी माझी मेहनत रोज रात्री धुऊन टाकत होती. ती उशी पहिल्याच दिवशी काढ. बाजेऐवजी दिवाण, नाहीतर बाजेवर प्लायवूडची फळी आणि वर पातळ गादी. उंची बसल्यावर मोज : तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कंबरेपेक्षा जरा खाली. कमी पडली तर पायांखाली विटा. पण वीट सरकणार नाही अशी बसवून घे, आणि स्वतः बसून बघितल्याशिवाय पेशंटला बसवू नकोस.

दिवाण कुठे ठेवायचा हेही तूच बघ. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेल्या काही पेशंटांना डावीकडचं जगच नसतं. अमळनेरकडच्याच एक डोकरी होत्या, स्वतःच्या डाव्या हाताकडे बघून मला म्हणाल्या, "हाऊ हात मना नही." म्हणजे, हा हात माझा नाही. सुनेला वाटलं, भरमिष्ट झाल्या. त्यांची डावी बाजू भिंतीला आणि उजवीकडे दार, टीव्ही, पाण्याचा तांब्या, सगळं. आम्ही दिवाण फिरवला. दार आणि माणसांची ये-जा डावीकडे आली. सून बोलायला बसायची ती डावीकडे, घासही तिकडून. पडू नयेत म्हणून त्या बाजूला रात्री कुणीतरी झोपायचं. औषधाच्या दुकानातून एक रुपयाचंही काही आणावं लागलं नाही.

संडास हा तर वेगळाच विषय. जुन्या धाब्याच्या घरात तो मागच्या अंगणापलीकडे, दोन पायऱ्या उतरून, आणि भारतीय बैठकीचा. खुब्याचं ऑपरेशन झालेल्याला अनेकदा सर्जनने उकिडवं बसणं बंद केलेलं असतं. लोक प्लास्टिकच्या खुर्चीला मधे भोक पाडून काम भागवतात. तसं करू देऊ नकोस, पाय फाकून ती खुर्ची माणसासकट बसते. भांड्यावर ठेवायची स्टीलची कमोड खुर्ची मिळते, तीच आणायला लाव. जेवणाचंही तसंच. जमिनीवर बसायचं नाही म्हटल्यावर म्हाताऱ्यांना कोपऱ्यात खुर्ची-स्टूल मिळतं आणि घर खाली पंगतीत बसतं. एक आजोबा त्या खुर्चीवर जेवेचनात, कुणाला कारण कळेना. मला म्हणाले, "माले पंगतमाईन उठाडी दिन्हं." म्हणजे, मला पंगतीतून उठवून दिलं. मग घरच्यांनी दारापुढच्या ओट्याच्या कडेला त्यांची खुर्ची मांडली आणि बाकीचे ओट्यावर त्यांच्याशेजारी ताटं घेऊन बसायला लागले. भूक परत आली. त्यात फिजिओथेरपी किती होती ते मला विचारू नकोस.

व्यायामही घरातलेच शोध. "बोटं दहा वेळा उघडा-मिटा" म्हटलं की आजीबाई तिसऱ्यांदा कंटाळतात. पण कापूस दिला तर वाती वळत तासभर बसतात, आणि अधिक महिना असेल तर लाख वातींचा संकल्पच सोडतात. शेंगा फोडणं, तांदूळ निवडणं, पापडाच्या लाट्या करणं, यात पकड आहे, चिमूट आहे, मनगट आहे. पायाला वजन हवं तर मिठाचा किलोचा पुडा मोज्यात घालून घोट्याला बांध. साखरेचा आजार असलेल्या बाईच्या पायाची कातडी मात्र आधी बघ. बधिर पायावर दोरीचा वळ उठला तर तिला कळणारही नाही. शेकाच्या गरम पिशवीचंही तेच. लकव्याच्या बाजूला फोड आलेले मी किती पाहिले, मोजले नाहीत.

एक इशारा अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. सणाला लेकी माहेरी येतात, आणि अंथरुणाला खिळलेली आई बघून त्यांचा जीव तुटतो. चार दिवस आईला उठू देत नाहीत. घास भरवतात, पाणी हातात नाही तर ओठाला लावतात. "तिले नका तरास देऊ." सुनेने महिनाभर वाईटपणा घेऊन जे करवून घेतलेलं असतं ते चार दिवसांत मागे जातं, वर सून निष्ठुर ठरते ती ठरतेच. म्हणून मी सणाच्या दोन दिवस आधी लेकींनाच फोन करते. त्यांना काम वाटून देते : तुम्ही आलात की आईला रोज सकाळी ओट्यापर्यंत चालवायचं तुम्ही, दुसऱ्या कुणी नाही. माया तीच, फक्त वळवून घ्यायची.

मालिशवालीचं म्हणशील तर, सोळा वर्षांनी आजही अंगणातलं पोर आत ओरडतं, "माय, मालिशवाली मॅडम उनी!" पहिली दोन वर्षं मी रागाने डिग्री सांगायचे. आता नाही. तेल लावायचं असेल तर लावू दे, घरच्या माणसाच्या हाताने, हलक्या हाताने. अडव फक्त तिथे, जिथे नुकसान आहे : सुजलेल्या दुखऱ्या पोटरीवर, लाल झालेल्या माकडहाडावर, नव्या ऑपरेशनच्या जागी आणि लकव्याच्या दुखऱ्या खांद्यावर. लाल पडलेली जागा चोळायची नसते आणि रबराची रिंगही तिथे ठेवायची नसते. दर दोन तासांनी कूस बदलायची, बस. लकव्यावर कबुतराचं रक्त चोळणारे आपल्याकडे अजून आहेत. त्या रक्तापेक्षा त्यात जाणारा वेळ मारक. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा झटक्यानंतर साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून ज्या घरात एकदा झटका येऊन गेला तिथून निघण्याआधी मी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवते : तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं जड, तर 108 ला फोन, अँब्युलन्स. दुसरा झटका येणारच नाही असं कुणी लिहून दिलेलं नसतं.

आता मे महिन्याचं. तू अमळनेरची आहेस, मी काय सांगू. पण नाशिकच्या सवयीने बाराची व्हिजिट घेऊ नकोस, तुझ्यासाठीही आणि पेशंटसाठीही. बीपीच्या गोळ्या, त्यात लघवीची गोळी, त्यात 44-45 अंश आणि घामाने आटलेलं अंग. असा माणूस झोपेतून एकदम उभा केला की खाली कोसळतो. आधी झोपून बीपी घे, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घे. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 उतरला तर त्या दिवशी चालणं नाही, डॉक्टरांना फोन. बसल्या जागी 180 किंवा 110 च्या वर असेल तरी व्यायाम नाही, तोच फोन. पोटरी एकाच पायाची सुजली, गरम लागते, दाबल्यावर दुखते, ऑपरेशन नुकतंच झालंय, तर चोळू नकोस, चालवू नकोस, त्याच दिवशी दाखवायला पाठव. सोबत छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर तिथूनच 108. आणि कूलर बघ. आपल्याकडचे निम्मे कूलर गळतात, ते पाणी नेमकं बाजेपाशी येतं, आणि शहाबादी फरशीवर ते दिसत नाही.

सामानात दिखाऊ काही नको. बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर, सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर, टेप, कंबरेचा पट्टा, व्यायामाचे रबरी पट्टे म्हणजे थेराबँड दोन-तीन, स्टॉपवॉच म्हणून मोबाइल. छोटं टेन्स मशीन (सौम्य विजेने दुखणं कमी करणारं) घे, पण त्याच्या भरवशावर जाऊ नकोस. लोकांना तारा लावलेल्या आवडतात म्हणून अर्धा तास तारा लावून बसणारे आहेत. गाडीच्या डिकीत काही ठेवू नकोस. डिजिटल बीपी मशीनवर वापराची मर्यादा बहुधा 40 अंशच लिहिलेली असते, आणि रबर तर दोन उन्हाळ्यांत तडकतं. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत बसायला किती सेकंद लागतात ते पहिल्या दिवशी आणि दर पंधरवड्याला वहीत लिही. बारा किंवा जास्त लागत असतील तर पडायची भीती धर. घरच्यांना "सुधारणा आहे" पेक्षा "31 होते, 19 वर आले" हे पटतं.

फी. मी जळगाव शहरात एका फेरीचे 500 घेते, बाहेरगावी पेट्रोल धरून जास्त. पहिल्या भेटीला तास-दीड तास जातो, तिची फी वेगळी. अमळनेरला तू याहून कमी ठेवशील, पण फुकट नको, आणि दिवसाला पाच-सहापेक्षा जास्त फेऱ्या नकोत. हिशेब आठवड्याचा आठवड्याला कर. महिन्याचा ठेवलास तर एखाद्या घरी महिना भरायच्या आत माणूस जातो, आणि सुतकाच्या घरात पैसे कुठल्या तोंडाने मागशील? माझे असे बरेच राहिले, मागितले नाहीत. रावेर-यावलकडून केळीची फणी, भरताची वांगी, शेवटच्या दिवशी कुरडया, हे सगळं येईल. घे, पण ते फीत धरू नकोस. पेशंट पाठवायचा कट, म्हणजे कमिशन, कुणी मागितला तर पहिल्यांदाच नाही म्हण. एकदा दिलास की तो तुझ्या फीवर चढतो आणि शेवटी फेऱ्या वाढवून पेशंटकडून वसूल होतो.

एकटी जाणार म्हणून : नवीन घरी आधी फोनवर घरातल्या बाईशी बोल, ती घरी असेल तेव्हाचीच वेळ घे, लोकेशन कुणालातरी पाठव. खोलीचं दार उघडं. एका घरातून मी दुसऱ्या दिवशी परत गेले नाही. कारण सांगितलं नाही, सांगायची गरजही नाही.

आणि संपवायचं कधी, हे या कामातलं सगळ्यात अवघड. पेशंट रोजचा झाला की तो तुझा महिन्याचा पगार असतो. त्याला तू आवडतेस, घरच्यांना सोय होते, आणि तुझ्याकडून त्याला आता काही मिळत नाही हे फक्त तुलाच माहीत असतं. म्हणून पहिल्या दिवशीच बोलून टाक : अमुक आठवड्यांत अमुक जागी पोहोचायचं, मग आठवड्यातून एक, मग बंद. जागा त्यांना ठरवू दे. "स्वतंत्र चालणे" असलं काही नको. आपल्याकडे बहुतेक पुरुष एकच जागा सांगतात, ओटा. लकव्यात पहिले तीन महिने सुधारणा सगळ्यात वेगाने होते, तेव्हा रोज जा. नंतर हात सैल सोड. पुढे काहीच होत नाही असं नाही, पण ते आता घराने करायचं असतं.

ते एरंडोलकडचे बाबा, खांद्याचे. त्या खांद्याला सहा आठवडे गेले, हात पुरता कधीच आला नाही. पण साडेचार महिन्यांनी एका संध्याकाळी मी ठरल्या वेळी गेले तर दिवाण रिकामा. बाबा ओट्यावर, शेजारी काठी, समोर तिघं जण आणि डाव्या हातात धरलेली पानं. मला बघून म्हणाले, "आज ऱ्हाऊ द्या मॅडम, डाव चालू शे." सुनेने आतून चहाला विचारलं. मी चहा घेतला आणि निघाले. त्या दिवसाची फेरी वहीत लिहिली नाही.

तुझा पहिला पेशंट बहुतेक नात्यातलाच असेल, मावशीची सासू किंवा गल्लीतले काका, आणि पैशाचा विषय निघणार नाही. तूच काढ. निम्मे घे हवं तर, पण घे. फुकटच्या माणसाचं कुणी ऐकत नाही, आणि रात्री दोनला सून उठणारच आहे, तिने तुझं ऐकायला हवं. जळगावकडची फेरी आली तर सकाळच्या गाडीने ये, स्टेशनावरून फोन कर. दोन दिवस माझ्यासोबत फिर. तुझी गाडी आणू नकोस, माझ्या मागे बस, म्हणजे कुठल्या घरापाशी कुत्रं आहे तेही कळेल.